पुंगळीच्या बदल्यात लाडू

एकाहत्तरच्या लढाईत मी आपल्या जवानांचे लाडू एका रिकाम्या पुंगळीच्या बदल्यात देऊन टाकले. युद्धातली माझी कामगिरी एवढीच.

तेव्हा मी चौथीत होतो. आमचं गाव दौंड-नगर लाइनीवर. रूळ एकेरी, त्यामुळे जवानांची गाडी क्रॉसिंगसाठी आमच्या ठेसनात कधी पाच मिनिटं थांबे, कधी तासभर. यायची वेळ कुणालाच ठाऊक नसे. इंजिनाची शिट्टी ऐकू आली की गुरुजी वर्ग सोडत, आणि घरून दिलेल्या भाकरी, शेंगा, पेरू घेऊन आम्ही पळत सुटायचो.

शेजारच्या मावशीचा एकुलता एक मुलगा पलटणीत होता. दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. मावशीला रोज खुरपणीला जावं लागे, म्हणून एके सकाळी तिनं एक डबा माझ्या हातात दिला.

"लाडू हायेत. जवानास्नी दे. अन् नुस्तं देऊन येऊ नगं. आमच्या पोराची पलटन सांग, कुनी वळखतंय का इचार."

"व्हय मावशे," म्हणून मी निघालो.

वर्गातल्या एकाचा मामा नगरला लष्करात कामाला होता. त्यानं भाच्याला झाडलेल्या गोळीची पितळी पुंगळी दिली होती. तोंडाशी धरून फुंकली की झकास शिट्टी वाजायची. ती मला हवी होती, भाच्याला लाडू हवे होते. त्यानं लाडू दप्तरात ओतून घेतले आणि डबा परत दिला. मी एकही लाडू ठेवून घेतला नाही. सौदा म्हणजे सौदा.

त्याच दुपारी गाडी आली. ताडपत्रीखाली झाकलेले रणगाडे आणि दारादारांत जवान. पोरं डब्यांकडे धावली. मी पुंगळी फुंकत उभा. एका जवानानं माझ्या हातातला डबा पाहून हात पुढे केला. डबा रिकामा, म्हणून मी त्याच्या हातावर पुंगळी ठेवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली आणि न हसता मला परत दिली. मग गाडी हलली. पलटणीचं नाव विचारायचं मला आठवलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मावशी भांडी घासत होती.

"भेटलं का रं कुनी?"

"भेटला की. तुझ्या पोराला वळखतो म्हनला. बरा हाय म्हनला. अन् लाडू लई गोड हुतं म्हनला."

ती "बरं," म्हणाली आणि घासलेलीच थाळी पुन्हा घासायला लागली. थाप पचली म्हणून मी खूश.

दुसऱ्या दिवसापासून मावशीनं खुरपणीला जाणं सोडलं. दिवसभर ठेसनात बसायची. गाडी आली की डब्याडब्याशी जाऊन पलटणीचं नाव सांगायची. मला वाटलं, माझ्या बातमीनं तिला हुरूप आलाय. लढाई संपल्यावर मुलाचं पत्र आलं, तेव्हा कुठे ती पुन्हा कामाला गेली.

हे सगळं मी तिला सांगितलं ते दहा-बारा वर्षांपूर्वी, माझे केस पिकल्यावर. सोबत पेढे नेले होते. तिनं ऐकून घेतलं.

"पुंगळीचं मला ठावं नव्हतं. पर खोटं बोलतुयास, ते तवाच कळलं. थंडीचं म्हनून मेथीचं लाडू केल्तं. कडूजार."

"मग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं, जवान खरंच भेटला, त्यानं वंगाळ काय तरी सांगितलं, अन् तू ते माज्यापास्नं लपीवतुयास. दीड महिना घास उतरला न्हाई घशाखाली."

मला पेढ्यांचा पुडा पुढे करवेना. तिनं तो स्वतःच ओढून घेतला, एक पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "मुडद्या, खोटं बोलायचं हुतं तर आधी येक लाडू खाऊन तरी बघायचा."