बेचाळीस दिवसांच्या पिशव्या

माझ्या मोठ्या जाऊबाई एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात तेवीस वर्षं उभ्या आहेत. 'कामाला आहेत' असं लिहायला हवं, पण उभ्या आहेत हेच खरं, कारण तिथं खुर्चीच नाही. ओल्या चादरी यंत्रातून ओढायच्या, वाळल्या की दोघींनी टोकं धरून घडी घालायची, गठ्ठा बांधायचा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने वॉर्डाचा आकडा टाकायचा. गठ्ठा नुसता उचलला की त्यात चादरी किती नि अभ्रे किती ते त्या सांगतात. म्हणून सोबतच्या बायका त्यांना वजनकाटा म्हणतात. मी वहिनी म्हणते.

वहिनींचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत. जिना त्या उलट्या उतरतात, कठडा धरून, लहान मूल पलंगावरून उतरतं तशा. कुणी बघत असलं तर म्हणतात, "वर काही राहिलं का ते बघत उतरतेय."

शस्त्रक्रियेची तारीख त्यांना दोनदा मिळाली आणि दोनदा त्यांनी परत केली. पहिल्या वेळी मामंजींना न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वेळी मोठ्या दिरांची बसवरची पाळी बदलली. ते पहाटे चारला घर सोडतात, परत येतात दुपारी तीनला. मधल्या वेळात मामंजी घरात एकटे. त्यांना दिसतं अगदी कमी, दात थोडे, आणि बाहेरचं अन्न पोटाला सोसत नाही. "त्यांच्या पुढ्यात ताट कोण ठेवणार?" या एका प्रश्नावर वहिनी दोन वर्षं लंगडल्या.

मी ठेवलं असतं. पण मी दोन बस बदलून पलीकडे राहते, चौथ्या मजल्यावर, आणि माझ्या घरी माझी आई अंथरुणावर आहे. मामंजींना माझा जिना चढवत नाही, मला आईला सोडवत नाही. सुट्टीच्या दिवशी घरचे आईजवळ बसतात, तेवढीच मी मोकळी. हे सगळं देवाला ठाऊक आहे, तरी लिहून ठेवते.

तिसरी तारीख देताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "या वेळी चुकलात तर नाव यादीच्या तळाशी जाईल. यादी दीड वर्षाची आहे. आणि तुमचे गुडघे दीड वर्ष थांबणार नाहीत."

सोबतच्या बायकांनी मिळून वहिनींना स्लो कुकर दिला. विजेवर चालणारं जाड मातीचं भांडं. पहाटे भरलं की दुपारपर्यंत आपलं आपण शिजतं, करपत नाही, उतू जात नाही, आणि झाल्यावर गरमही राहतं.

"सहा आठवड्यांचं चिरून, मसाला लावून, पिशव्यांत भरून गोठवून ठेवते," वहिनी म्हणाल्या. "बेचाळीस दिवस, बेचाळीस पिशव्या. जाताना हे एक पिशवी ओततील नि बटण दाबतील. बस चालवणाऱ्या माणसाला एवढं जमायला हरकत नाही."

"मला ऐकू येतंय," आतून दीर म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलतेय."

चार शनिवार आम्ही दोघी चिरत बसलो. खरं तर मी बसले. वहिनी ओट्याशी उभ्या राहिल्या, कारण बसलं की उठता येत नाही. कोंबडी आणि गाजर, डाळ आणि भोपळा, सातूचे दाणे आणि अळंबी, टोमॅटोत राजमा. दिरांच्या डेपोतल्या कुणीतरी मोडीत काढलेला पेटीसारखा फ्रीझर दिला होता, तो कोपऱ्यात घरघरत असायचा.

पहिली पिशवी आम्ही उभी गोठवली. दुसऱ्या दिवशी तो दगड भांड्यात मावेना. वर वीतभर डोकं आणि त्यावर तिरकं झाकण. मामंजींनी चाचपून पाहिलं आणि म्हणाले, "याने टोपी घातलीय. बाहेर निघालाय वाटतं." तेव्हापासून पिशवी गोल वाडग्यात बसवून गोठवायची आणि मग वाडगा काढून घ्यायचा. शिवाय गोठलेला दगड तसाच कुकरमध्ये टाकायचा नाही, आदल्या दिवशी सकाळीच साध्या फ्रीजमध्ये काढून ठेवायचा. हे दिरांना वहिनींनी तीनदा सांगितलं. तीनही वेळा दीर "हो" म्हणाले, आणि तो "हो" कसा असतो ते प्रत्येक बायकोला माहीत असतं.

पिशव्यांवर वहिनींनी धुलाईखान्याच्या शाईने नुसते आकडे घातले. मी म्हटलं, "आत काय आहे तेही लिहा ना."

"लिहिलं तर पहिल्या पंधरवड्यात कोंबडी संपेल. मग दोघं बापलेक रोज भोपळा खात माझ्या नावाने बोटं मोडतील. गठ्ठ्यावर कधी आतलं लिहितात का? आकडा आला की घ्यायचा." असं म्हणून शेवटच्या शनिवारी संध्याकाळी, सगळ्या गोठल्यावर, त्यांनी पिशव्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि न बघता आकडे घातले, एक ते बेचाळीस.

त्या सकाळी राजमा माझ्याकडे होता. त्याबद्दल वहिनींनी बजावलं होतं, "भिजवलेलं पाणी फेक, मग पंधरा मिनिटं खळखळून उकळ, मगच पिशवीत. हा कुकर मंद आहे. त्याच्यात कच्चा राजमा शिजल्यासारखा दिसतो, पण पोटात विषासारखा बाधतो. मामंजी तर त्यातून उठायचे नाहीत." मी मान डोलावली. आई आदल्या रात्री पाच वेळा उठली होती, माझे डोळे चुरचुरत होते. मी राजमा धुऊन चाळणीत निथळत ठेवला, तेवढ्यात टोमॅटो संपले म्हणून खाली गेले. परत आले तर चाळणीत लाल, टपोरा, चकचकीत राजमा. मी तो पिशव्यांत भरला.

घरी आल्यावर रात्री वही उघडली. पहिल्या ओळीत देवाचं नाव, मग दिवसभराचं काम, ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने. माझी जुनी सवय आहे. लिहिलं, 'राजमा धुतला. टोमॅटो आणले. राजम्याच्या पिशव्या सात भरल्या.' आणि पेन थांबलं. मी दूध तापवलं तरी वहीत लिहिते. राजमा उकळल्याचं माझ्या हाताला आठवत नव्हतं.

देवाला विचारलं, "उकळला असेल ना रे?" देव असल्या प्रश्नांना उत्तर देत नाही. ते वहीत होतं. फोन करायला हात धजेना. फोनवर सांगितलं तर वहिनी तिथल्या तिथे तारीख सोडतील, आणि मी समोर नसेन.

रविवारी सकाळची प्रार्थना कशीबशी उरकली आणि निघाले. सोमवारी सातला त्यांना दाखल व्हायचं होतं. दाराशी त्यांची पिशवी भरून तयार होती, वर घरातल्या चपला कागदात गुंडाळून.

मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुठल्या आकड्यांच्या?" त्यांनी विचारलं.

"आकडे तुम्ही घातलेत, वहिनी."

"मी पिसून घातलेत." मग त्या हळूच खुर्चीत बसल्या. "टोमॅटो कोंबडीतही आहे, डाळीतही आहे. वरून सगळ्यांवर बर्फ. सगळ्या वितळवल्या तर कोंबडी खराब होणार." गुडघे चोळत म्हणाल्या, "जाऊ दे. फोन करून तारीख सोडते."

"मी रोज आधी उकळून मगच कुकरला लावेन," दीर म्हणाले.

"पहाटे चारला? मागच्या महिन्यात गॅसवर दूध ठेवून ड्यूटीवर गेलात. शेजारच्यांनी दार वाजवलं तेव्हा मामंजींना कळलं."

कोपऱ्यात फ्रीझर घरघरत होता. वहिनी गुडघ्यांवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि तारीख सोडण्यात त्यांना थोडी सुटका वाटतेय हे मला स्पष्ट दिसलं. माणूस इतका दमला की नाही म्हणणंच सोपं जातं.

"एक आण इकडे," खिडकीजवळून मामंजी म्हणाले.

मामंजी चाळीस वर्षं घड्याळजी होते. आता त्यांना आम्ही पाण्याचा पेलासुद्धा हातात देतो. मी एक पिशवी त्यांच्या मांडीवर टॉवेलवर ठेवली. त्यांनी वरचा बर्फ तळव्याने पुसला, पिशवी उलटी केली आणि बोटांची टोकं तळावरून फिरवली.

"ही डाळ. गुळगुळीत आहे. पुढची."

"ही कोंबडी. हाड लागतंय."

"ही... थांब. हा राजमा. सगळा तळाला जाऊन बसलाय. टेंगळं बघ."

दिरांनी कोपरा कापून सुरीने खरवडलं. राजमाच होता.

"म्हातारा अजून चालू आहे," मामंजी म्हणाले. "पुढची."

मी आणत गेले, दीर परत ठेवत गेले. पाच-सहा पिशव्या झाल्या की मामंजी बोटं काखेत धरायचे, पुन्हा सुरू करायचे. बोटं लाल झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मामंजी, पुरे झालं." ते म्हणाले, "तू तेवीस वर्षं ओल्या चादरी ओढल्यास, तेव्हा तुला कोण पुरे म्हणालं?" वहिनींनी तोंड फिरवलं.

राजम्याच्या पिशव्या निघाल्या सहा.

"वहीत सात आहेत," मी म्हणाले.

"वही चुकली असेल," दीर म्हणाले.

"वही चुकत नाही, भावोजी. मी चुकते."

मामंजींनी सगळ्या पुन्हा तपासल्या. सहाच. वहिनी खुर्चीचे हात धरून उठल्या. "एक राहिली काय नि सात राहिल्या काय. त्या एकीच्या भरवशावर मी तिकडे पडून राहू?" आणि त्या फोनकडे निघाल्या. पण जाता जाता त्यांची नजर फ्रीझरमधल्या चळतीवरून गेली आणि त्या थांबल्या. गठ्ठे मोजण्याची सवय डोळ्यांतून जात नाही.

"बाजूच्या सहा धरून एक्केचाळीस आहेत," त्या म्हणाल्या. "एक कुठाय?"

"पहिली होय?" दीर म्हणाले. "ती मी सकाळीच फ्रीजमध्ये काढून ठेवलीय. उद्यासाठी."

त्यांनी साध्या फ्रीजमधून ती आणली. अर्धी वितळली होती. काठाला लाल पाण्यात राजमा सुटा झाला होता, कडक, कच्चा. उद्या दुपारी, वहिनी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना, मामंजी हेच जेवले असते.

मग वहिनी दिरांना म्हणाल्या, "न सांगता काढलीत?"

"तीनदा सांगितलंस. चौथ्यांदा सांगायची वाट कशाला बघू?"

दोन मोठी पातेली चढवली. वहिनी ओट्याकडे येऊ लागल्या तशी मामंजींनी काठी आडवी धरली. "बस. वेळ मी बघतो." त्यांनी आपलं जुनं किल्लीचं घड्याळ काढलं. त्याची काच त्यांनी केव्हाच काढून टाकलीय, काट्यावर बोट ठेवून वेळ वाचतात. दगड वितळले, पाणी खळखळलं, मग ते म्हणाले, "आता धरलं." मी ढवळत होते. पंधरा मिनिटांनी ते म्हणाले, "आणखी पाच राहू दे, माझ्या वयाची." चार घाण्यांत सातही पिशव्या उकळून झाल्या, निवल्या, नव्या पिशव्यांत गेल्या. वहिनींनी त्यांच्यावर पुन्हा त्याच शाईने तेच आकडे घातले. फक्त एवढंच काम त्यांना करू दिलं. बाकी वेळ त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

सोमवारी सातला त्या दाखल झाल्या. त्या एका दिवसापुरती दिरांनी रजा टाकली होती. जिना नेहमीसारखाच उलटा उतरल्या. अर्ध्यावर थांबून वर बघत म्हणाल्या, "बटण उजवीकडचं. डावीकडचं नव्हे."

"डावीकडे बटणच नाहीये," वरून दीर म्हणाले.

आठव्या दिवशी त्या घरी आल्या. घरच्यांना रजा काढायला लावून मी गेले, तेव्हा त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, दोन्ही पायांखाली उशा, बाजूला वॉकर. चेहरा राखेसारखा. म्हणाल्या, "दुखतंय, पण निराळं दुखतंय." मग लगेच, "आज कितवी?"

"आठवी," मामंजी म्हणाले. "अळंबी निघाली."

दुपारी मामंजींनी भिंतीला हात लावत कुकरचं झाकण काढलं, डावाने ताटलीत वाढलं, थोडं बाहेर सांडलं, आणि ताटली घेऊन पावलं मोजत पलंगापर्यंत आले. मी उठले नाही. उठायचं नाही एवढं मला कळलं. वहिनींनी ताटली घेतली, चमचा उचलला. इतक्या वर्षांत त्या घरात त्यांना कुणी बसल्या जागी वाढलं असेल असं मला वाटत नाही. एक घास घेतला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या. "माझंच." आणि दुसऱ्या घासाआधी त्यांचे डोळे मिटले. चमचा बोटांत तसाच.

मी ताटली काढून घ्यायला गेले. मामंजी म्हणाले, "हळू. उठवू नकोस. ताटलीतलं परत भांड्यात घाल नि झाकण ठेव. ते राहतं गरम."

घरी येऊन वही उघडली. देवाचं नाव लिहिलं. मग लिहिलं, 'आठवी पिशवी. वहिनी जेवता जेवता झोपल्या. कुणी उठवलं नाही.'