मिरचीवरचा कोकडा आणि काकीचा पदर

माझ्या पेटीत पितळी कड्याचं एक भिंग आहे. ते माझं नाही. एका ग्रामसेवकाचं आहे आणि मी ते त्याला कधी परत केलं नाही. विसरले, असं घरात सांगत आले. विसरता आलं असतं तर ते केव्हाच विहिरीत टाकलं असतं.

लग्न होऊन मी ब्राह्मणपुरीजवळच्या सासरी आले, ती नवं मराठी राज्य होण्याच्या दोनेक वर्षं आधी. सासऱ्यांच्या विहिरीखाली मिरची असायची. घरात एक काकी होती, माझी चुलतसासू. नवरा ऐन तारुण्यात गेलेला, मूलबाळ नाही. तिला कोणी वाईट बोलत नसे आणि कोणी काही विचारतही नसे. पण मिरचीत तिचा शब्द चालायचा. कोणतं रोप ठेवायचं, पाणी कधी सोडायचं, तोडणी कधी धरायची, हे सासरेसुद्धा तिलाच विचारत. घरात पुटपुटणारी ही बाई वावरात शिरली की खणखणीत बोलायची. मला तिचा हेवा वाटायचा.

एका वर्षी दिवाळीनंतर लांबच्या कडेच्या मिरचीची शेंड्याची पानं खाली वळायला लागली. होडी उलटी घालावी तशी. फुलं गळायला लागली. आमच्याकडे त्याला कोकडा म्हणतात. सासऱ्यांनी कुठून तरी डीडीटीची भुकटी आणून मारली. पंधरवड्यात कोकडा दुप्पट झाला.

मग वळलेले शेंडे खुडून टाकायचं ठरलं. ते काम काकीकडे आणि माझ्याकडे आलं. मी काकीला म्हटलं, "तुम्ही आधी ती रोगट बाजू उरकून घ्या, मग इकडे चांगल्या ओळींत निंदायला या." मोठी शहाणी होते ना मी! खरं कारण एवढंच, की चांगल्या ओळी आंब्याच्या सावलीत होत्या आणि मला ऊन नको होतं. काकी हसली आणि गेली. खुडलेले शेंडे ती पदराची ओटी करून त्यात भरायची, बांधावर रिकामे करायची आणि तोच पदर खोचून माझ्या बाजूला चांगल्या ओळींत निंदायला यायची. रोज. चांगल्या बाजूलाही पानं आधी काकी निंदायची त्या ओळींत वळली, मी निंदायची त्या ओळींत मागाहून. हे सासूबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

एके सकाळी सगळ्या बायांना बांधावर उभं केलं. वावराची दृष्ट काढायची होती. प्रत्येकीवरून सात मिरच्या आणि मीठ ओवाळून निखाऱ्यावर टाकायचं. ठसका लागला तर ती बाई निर्दोष, नाही लागला तर तिचीच नजर. माझ्या वेळी मी खोकून खोकून बेजार झाले. काकीच्या वेळी वारा फिरला आणि धूर नदीकडे गेला. कोणीच खोकलं नाही. मला वारा अंगावर कळला होता. मी काही बोलले नाही, नवी सून होते.

सासरे काकीकडे न बघता म्हणाले, "आते तुन्हा पाय मिरचीमा नको."

काकी बांधाबाहेर गेली ती गेलीच. पण आमच्या घराची अक्कल बघा. आत पाय नको, मात्र मी खुडून टाकलेले शेंडे उचलून नेऊन जाळायचं काम तिच्याकडेच ठेवलं. ती बांधाच्या कडेकडेने चालायची, ओटी भरून. आत मात्र कधी वाकूनही बघायची नाही.

महिनाभराने शहाद्याकडून ग्रामसेवक आला. त्याने एक शेंडा तोडला आणि म्हणाला, "काळं फडकं द्या, यावर झटकून बघू." फडकं कुठलं असणार? काकीचं लुगडं काळपट होतं, तिनेच बांधावरून पदर पुढे पसरला. तो शेंडा झटकणार, तोच त्याने माझ्याकडे धरायला दिलेलं भिंग मी कुतूहलाने डोळ्याला लावलं. शेंडा झटकायच्या आधीच पदराच्या घडीत काचेच्या कणांसारखं काहीतरी चालत होतं. मी भिंग खाली घेतलं.

"तुले काय दिखस, माय?" काकीने विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

ग्रामसेवकाने भिंग घेऊन बघितलं आणि पुन्हा माझ्या हाती दिलं. मग मोठ्याने सांगितलं, की हा कोळी आहे, नुसत्या डोळ्याला न दिसणारी कीड. डीडीटीने तो मरत नाही, त्याला खाणारे किडे मात्र मरतात. सकाळी दवात गंधकाची भुकटी मारा. आणि रोगट ओळीतून चांगल्या ओळीत जाऊ नका, तो कपड्यांवरून पसरतो.

सासरे एवढंच ऐकून ताठ झाले. "मंग मन्हं काय खोटं व्हतं?" आता सरकारी माणसानेही काकीवर बोट ठेवलं होतं.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं, की तिला रोज आधी रोगट बाजूला मी धाडत होते. एका वाक्याचं काम होतं. पण सगळे काकीकडे बघत होते आणि मला तेच बरं वाटलं. हे लिहितानाही माझी मला किळस येते.

काकी शांतपणे म्हणाली, "मन्हामाच काहीतरी शे."

गंधकाने मिरची सुधारली. काकी सुधारली नाही, दोष आपल्यातच आहे हे ती धरून बसली. ती पुन्हा वावरात गेली नाही, तुळशीला पाणी घालेना, परसातल्या वांग्याला हात लावेना. घरात शिरताना उंबऱ्याबाहेर उभी राहून पदर झटकायची. दिवसातून कितीदा तरी. तो आवाज आजही मला भर दुपारी ऐकू येतो आणि मी दाराकडे बघते. मला मुलगी झाली तेव्हा सगळ्यांनी तिला मांडीवर घेतलं. काकी दारातूनच बघायची. घ्या म्हटलं की हात मागे न्यायची.

मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा काकी अंथरुणाला खिळली. एका सकाळी तिने मला भिंग आणायला सांगितलं. माझ्याकडे ते आहे, हे तिला माहीत होतं. तिने पदराची घडी उलगडली, दोन्ही तळवे पुढे केले आणि म्हणाली, "देख माय, आते तरी ग्यात का त्या?"

मी भिंगातून ते कोळी शोधले, एकही नव्हता. सुरकुत्या होत्या, मिरची तोडून पडलेले जुने घट्टे होते. रोगट बाजूला तुम्हाला मीच धाडत होते, हे वाक्य अजून माझ्याजवळच होतं, तोंडाशी आलेलं.

"गेले, काकी," मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. दाराशी माझी मुलगी खेळत होती, तिला काकीने हाक मारली आणि पहिल्यांदाच तिच्या डोक्यावरून हात फिरवला.