सगळ्या पोचल्या का?

सुनीती टिपणीसला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका दिव्याच्या खांबापुढे उभी राहून फोनवर कुणाला तरी झापत होती. झापत होती, पण अगदी गोड इंग्रजीत. "खांब नंबर चौदा. तळ्याकडच्या पायऱ्यांवरचा. हो, गेल्या सोमवारीही मीच केला होता फोन. येत्या सोमवारीही मीच करणार आहे." अंगात तिच्या मापापेक्षा दोन माणसं जास्त मावतील असं पिवळंधमक जॅकेट. ते तिच्या वडिलांचं होतं. उल्हासकाका लंडनला ट्यूब रेल्वेच्या रुळांवर काम करायचे आणि त्यांचं जुनं जॅकेट लेकीने ढापलं होतं. मला वाटलं, बाई इथल्या वायरमन खात्यातली असणार.

ही गोष्ट ऑक्टोबर २००५ ची. मी पुण्याहून नॉटिंगहॅमला एमएस्सीसाठी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. सुनीती वेम्बलीत जन्मलेली, वाढलेली, फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला. विद्यापीठातल्या आपल्याकडच्या मुलींच्या 'सखी' नावाच्या सोसायटीची ती प्रेसिडेंट होती. इतर सोसायट्यांचे प्रेसिडेंट दिवाळीच्या डिस्कोची तिकिटं विकत हिंडायचे, आणि ही बया बंद पडलेल्या दिव्यांची यादी घेऊन हिंडायची.

त्यामागे कारण होतं. आदल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या एका मुलीच्या मागे एक माणूस लायब्ररीपासून थेट तिच्या दारापर्यंत चालत आला होता. दाराशी दोन मिनिटं उभा राहिला आणि निघून गेला. त्या पोरीने आठवडाभर कुणाला सांगितलं नाही. सुनीतीला कळलं तेव्हा तिचं डोकं फिरलं, पण त्या मुलीवर नाही. "तो मुलगी आठ दिवस एकटी घाबरली," ती आम्हाला म्हणाली, "अँड नोबडी आस्क्ड. कुणी विचारला पण नाही, घरी पोचलीस का?" तिचं मराठी हे असं होतं. लिंगांचा सगळा आनंदीआनंद. पण ती ज्या चिडीने बोलली, तिच्यापुढे व्याकरण काढायची कुणाची हिंमत झाली नाही.

एका मुलीने विचारलं, मिरचीचा स्प्रे ठेवायचा का पर्समध्ये? सुनीती म्हणाली, इथे तो कायद्याने बंद आहे, उलट तूच पकडली जाशील. मग तिने आम्हा सगळ्यांना शिट्ट्या वाटल्या आणि प्रत्येकीच्या घरचा रस्ता तिच्याबरोबर एकदा चालून पाहिला. कुठे दिवा नाही, कुठे झुडूप वाढलंय, कुठल्या घरात हाक ऐकू जाईल, सगळं टिपलं. बावीस मुली, बावीस रस्ते, तेही चारला अंधार पडणाऱ्या नोव्हेंबरात. मी मनातल्या मनात म्हटलं, हौस असते एकेकाला.

तिला एवढंच हवं होतं की अंधार पडल्यावर घरी जाणारी प्रत्येक मुलगी पोचल्याचं एका तरी माणसाला कळावं. पण रोज मेसेज करायचा म्हणजे खर्च, आणि आम्ही सगळ्या टॉप-अपवर जगणाऱ्या. तोडगा मी काढला. "मिस्ड कॉल द्यायचा," मी म्हटलं. "एक रिंग, की कट." सुनीतीला हे नवीनच होतं. "म्हणजे फोन करायचा, पण बोलायचं नाही? ब्रिलियंट!" आपल्याकडे आजोबा एसटीतून उतरल्यावर हेच करतात, हे सांगून मी तिच्या कौतुकावर पाणी ओतलं नाही.

'सखी'साठी एक जुना नोकिया आला. प्रत्येकीने घरी पोचायची वेळ सकाळी कळवायची आणि पोचल्यावर एक रिंग द्यायची. वेळ टळून पंधरा मिनिटं गेली की सुनीती पहिल्यांदा त्या मुलीला फोन करायची, आणि तिने नाही उचलला की जॅकेट चढवून बाहेर पडायची. बहुतेक वेळा मुलगी मैत्रिणीकडे गप्पा हाणत बसलेली सापडायची. सुनीती रागवायची नाही. "ओके, गुड," म्हणून यादीवर खूण करायची आणि परत जायची. शेवटची खूण होईपर्यंत ती जेवायची नाही. तिच्याबरोबर राहणाऱ्या मुली सांगायच्या, मायक्रोवेव्हमध्ये तिचं ताट तीनतीनदा गरम होतं.

आणि आता माझं कर्तृत्व.

जानेवारीतला मंगळवार. दिवसभर बर्फासारखी थंडी, सगळीकडे दव गोठलेलं. माझ्याबरोबर निधी राहायची, नागपूरची, रसायनशास्त्रवाली. लॅबमधून साडेसहाला येते म्हणाली होती. मी खिचडी टाकली होती. साडेसहा वाजून गेले आणि माझं लक्ष किटलीकडे गेलं. शेजारी निधीचा फोन चार्जिंगला लावलेला. बाईसाहेब विसरून गेल्या होत्या. म्हटलं, आता रिंग गेली नाही की ती पिवळी बाई दारात उभी राहणार, मग चौकशा, मग खिचडीचा गार दगड. पुण्याच्या कॉलेजात मी तीन वर्षं मैत्रिणींच्या हजेऱ्या लावल्या होत्या. प्रॉक्सी मारण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मी निधीचा फोन उचलला, एक रिंग दिली, कट केला. येईलच की दहा मिनिटांत.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. सात वाजले. मी लॅबला फोन लावला, कुणी उचलला नाही. तरी मी लगेच सुनीतीला फोन केला नाही, हे मला आजही लिहायला लाज वाटते. काय सांगायचं तिला, या विचारात मी खिचडीकडे बघत बसले. सात वीसला फोन लावला आणि रडतच सांगितलं, "ती रिंग मी दिली होती. निधी आलीच नाहीये."

तिने एवढंच विचारलं, "कुठल्या रस्त्याने येते?"

"तळ्याकडून. शॉर्टकट आहे."

"चौदा नंबर," सुनीती म्हणाली. "तू तुमच्या बाजूने ये, मी वरून येते. टॉर्च घे. सिक्युरिटीला मी सांगते."

मी स्लिपरवरच धावले. तळ्याशी काळोख मिट्ट होता. समोरून सुनीतीचं जॅकेट हलताना दिसलं. मी निधीच्या नावाने ओरडायला लागले तर तिने हात वर केला. "शांत. ऐक." आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या राहिलो. मग खालून, पायऱ्यांच्या बाजूच्या खड्ड्यातून, शिट्टीचा अगदी बारीक आवाज आला.

गोठलेल्या पायरीवरून निधीचा पाय घसरला होता आणि घोटा मोडला होता. सव्वासहापासून ती तिथे पडून होती आणि ओठ बधिर होईपर्यंत शिट्टी वाजवत होती. सुनीतीने पहिल्यांदा ते जॅकेट काढून तिच्या अंगावर घातलं, मग पाय बघितला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत तिच्याशी नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बोलत राहिली. मी शेजारी उभी राहून हिशेब करत होते. रिंग गेली नसती तर सुनीती पावणेसातला निघाली असती. त्या थंडीत निधी पस्तीस मिनिटं जास्त पडून राहिली, ती माझ्यामुळे.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मी म्हटलं, "ओरड ना माझ्यावर."

"नंतर," ती म्हणाली. "आधी तिच्या आईला फोन करू."

पण ओरडणं राहूनच गेलं. स्टुडंट्स युनियनचं पत्र मात्र तीन दिवसांत आलं. पोचल्याची खूण झालेली मुलगी खड्ड्यात कशी सापडली? नीट चालवता येत नसेल तर ही योजना बंद करा. रविवारी 'सखी'ची मीटिंग भरली. सुनीतीने पत्र वाचून दाखवलं, घडी घातली आणि म्हणाली, "हा माझा चूक आहे. मी फोन मोजत होते. मुली मोजायला पाहिजे होत्या. तुम्हाला दुसरी प्रेसिडेंट हवी असेल तर आज निवडा."

ती रिंग कुणी दिली याबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. निधीही प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून गप्प बसली होती. मी गप्प बसले असते तर कुणाला कधीच कळलं नसतं. सुनीती तिथे माझं पाप अंगावर घेऊन ताठ उभी होती आणि मला ते बघवेना. मी उठले आणि सगळं सांगून टाकलं. त्या सात वीसपर्यंतच्या खिचडीसकट.

सुनीती माझ्यापाशी आली आणि नोकिया माझ्या हातात ठेवला. "उद्यापासून फोन ऋजुता बघणार."

"हिच्याकडे देतेस?" मागून एकीने विचारलंच. रास्त होतं तिचं.

"हो, हिच्याकडेच. आता ही कुणाला सोडणार नाही."

प्रेसिडेंट बदलायचा विषय परत कुणी काढला नाही. नियम तेवढा बदलला. मिस्ड कॉल बंद. रिंग आली की फोन उचलायचा, तिचा आवाज ऐकायचा आणि मगच खूण करायची. वर्गणीत महिन्याला एकेक पौंड जास्त द्यायला सगळ्यांनी हात वर केले. युनियनने ते मान्य केलं.

सोमवारी संध्याकाळी मी यादी घेऊन बसले. "हॅलो, पोचले." "पोचले गं." "अगं पोचले, काय जोरात ओरडतेस!" एकेक आवाज आला की जीव भांड्यात पडायचा. सातपर्यंत बाविसाव्या नावापुढे खूण झाली. निधीने खिचडी वाढली. मी चमचा उचलला आणि परत यादीकडे बघितलं. त्यात सुनीतीचं नावच नव्हतं. तीन महिने ती दर संध्याकाळी आमच्यासाठी त्याच अंधारातून हिंडत होती, आणि ती घरी पोचली की नाही हे आम्हा बावीसजणींपैकी एकीने विचारलं नव्हतं. मीही नाही. मला स्वतःची शरम वाटली.

मी खाली तिचं नाव लिहिलं आणि फोन लावला. ती रस्त्यावर होती. "किती वाजता पोचतेस?" मी विचारलं.

"मी?" ती हसली. मग हसायची थांबली. "साडेसातला."

साडेसात वाजले. सात चाळीस झाले. निधी म्हणाली, गार होतंय. मी स्लिपर सोडून बूट चढवले, टॉर्च घेतला, आणि दाराशी पोचते तोच फोन वाजला.

"पोचले," सुनीती म्हणाली. आवाज जरा ओला होता. "सॉरी, लेट झाला. तळ्याकडून आले. चौदा नंबरचा दिवा लागलाय, ऋजुता. मी तिथे उभी राहून बघत होते."

मी तेविसाव्या नावापुढे खूण केली आणि मग जेवायला बसले.