काकांची लाल किल्ली

माझे काका किल्ल्या बनवतात आणि उरलेल्या वेळात अवकाशतळावरचे राक्षस मारतात. तीस वर्षं तोच एक गेम. राक्षस पुठ्ठ्यासारखे चपटे, आपला फक्त बंदूक धरलेला हात दिसतो आणि मान वर-खाली करायची सोयच नाही. मी एकदा त्यांना नवा गेम दाखवला. काकांनी दहा मिनिटं तोंड वाकडं करून पाहिला.

"चित्रं झकास आहेत रे, पण नुसती बडबड! आमच्यात लाल दाराला लाल किल्ली. शोधा आणि उघडा. आजही त्याला तोड नाही."

गेल्या आठवड्यात काकू वैतागल्या. त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप घातलं, किल्लीला लाल रिबीन बांधून ती लपवली आणि म्हणाल्या, "शोधा आता!"

काका हरखलेच. दुकान बंद ठेवून तीन दिवस त्यांनी घर पिंजून काढलं. गेममधल्यासारखा चोरदरवाजा सापडेल म्हणून प्रत्येक भिंत खांद्याने ढकलून पाहिली. शेजाऱ्यांचीसुद्धा.

मी म्हटलं, "अहो, तुम्ही किल्लीवाले ना? दुसरी बनवा की!"

"चीटिंग करू?" काका माझ्यावरच खेकसले.

चौथ्या दिवशी मला राहवेना. किल्ली त्याच दाराच्या चौकटीवर, काकांच्या टकलापासून वीतभर उंच, खिळ्याला लटकत होती. मी बोट वर केलं. काकांनी कशीबशी मान उचलली, किल्ली पाहिली आणि काकूंवर ओरडले,

"वर? आमच्या वेळी वर नव्हतंच!"