तीन पिशव्यांची मुदत

"रक्ताच्या तिन्ही पिशव्या बाद दाखवतंय," कॉम्प्युटरवरची पोरगी म्हणाली. टेक्निशियननं सवयीप्रमाणे चष्मा कपाळावर ढकलला.

"डोळ्यांनी बघितलं का, माय?"

"सर, स्क्रीनवर आहे ना."

"स्क्रीन राहू दे. पिशवी बघितली का?"

मी या दवाखान्यात आया. चिठ्ठी घेऊन रक्तपेढीच्या खिडकीशी उभी होते. वर चऱ्होलीची एक सून बाळंत झाली होती आणि तिचं रक्त थांबत नव्हतं. गट बी निगेटिव्ह. त्या गटाच्या तीनच पिशव्या होत्या. पुण्याहून मागवावं, तर भर दुपारी कासारवाडीला गाडी सरकत नाही.

तो रक्तपेढीतला जुना टेक्निशियन, परभणीकडचा. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बायकोनं दिलेला डबासुद्धा वास घेतल्याशिवाय खायचा नाही. मी पुसलेली फरशी त्यानं दोनदा परत पुसायला लावली होती. मला तो आवडायचा नाही.

त्याच सकाळी कॉम्प्युटर नवा करून जुन्या तारखा त्यात भरल्या होत्या. मार्च संपत आला होता. पोरगी वाचू लागली, "एकीची मुदत चार जानेवारीला संपली, दुसरीची चार फेब्रुवारीला, तिसरीची चार मार्चला."

"थांब. हे चाकणच्या शिबिरातलं ना? कंपनीत रोज एक शिफ्ट, असे तीन दिवस मीच सुया टोचल्या. लागोपाठच्या तीन दिवसांचं रक्त महिन्यामहिन्यानं कसं बाद होईल?"

त्यानं फ्रीजमधून पिशव्या काढल्या. लेबलवर एक चार, दोन चार, तीन चार. एप्रिलची पहिली, दुसरी, तिसरी. कॉम्प्युटरनं दिवसाचा महिना केला होता आणि महिन्याचा दिवस.

"सिस्टिम पिशव्या सोडायची चिठ्ठी देत नाही, मी सही कशी करू?" रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हातानं लिहा, मॅडम. खाली मीही सही करतो. चुकलो तर मला घरी पाठवा."

बाईंनी लेबलं आणि शिबिराची वही ताडून पाहिली आणि सही केली. मग तो रक्त जुळवायला बसला. मी खिडकीतून ओरडले, "अरे, ती मरंल तोवर!"

"चुकीचं दिलं तर नक्की मरंल. गप उभी राहा, माय."

त्यानं घाई केली नाही.

रक्त थांबल्याचं सांगायला मी खाली आले, तेव्हा तो फ्रीजला टेकून फरशीवर बसला होता. "चहा सांग," म्हणाला.

"मी काय तुझी नोकर आहे?" म्हटलं, आणि दोन कप घेऊन आले. पिऊन झाल्यावर तो उठला आणि फ्रीजमधली एकेक पिशवी हातात घेऊन तपासत बसला.

मागच्या वर्षी आईला सांभाळायला तो नोकरी सोडून गावी गेला. हार घालायला साहेब आले, तोवर हा बसस्टँडवर. आता त्याच्या जागी दोघं आहेत.

त्या दिवशी तिन्ही पिशव्या लागल्या. चऱ्होलीची सून जगली.