तळपायाला टेकवलेला दोरा

स्पिरिटचा वास आला की मला कबनूरमधलं ते एका खोलीचं घर आठवतं. मधुमेहात कुणाचे पाय बिघडतात आणि का, याचा अभ्यास आमच्या दवाखान्यात चालू होता, आणि माहिती गोळा करायला मी घरोघरी जायचे. त्या घरातल्या यंत्रमाग कामगाराच्या तळपायाला मी वर्षभरापूर्वी नायलॉनचा बारीक दोरा टेकवून स्पर्श कळतो का ते बघितलं होतं. "काय कळंना," ते हसत म्हणाले होते. मी फॉर्मवर खूण केली आणि निघून आले. पुढच्या वर्षी गेले तर खोलीभर स्पिरिटचा वास, ते खाटेवर बसलेले, उजवा पाय गुडघ्याखाली नाही. शेजारच्या मागांच्या खडखडाटावर आवाज चढवत त्यांची बायको म्हणाली, "आता काय लिवायला आलीस? पायाला कळत न्हाय हे तुला ठावं हुतं. आमाला का सांगितलं न्हाईस? खिळा रुतून बसला, आठ दिस ह्यांना पत्ताच न्हाय!" "असू दे की, तिची नोकरी हाय," ते पुटपुटले. "तुमचा पाय गेला आन् तिची नोकरी ऱ्हायली, व्हय की!" मी चाचरत म्हणाले, "सांगणं माझ्या कामात नव्हतं." तिनं माझ्या हातातला फॉर्म हिसकावून फाडला आणि माझ्या तोंडावर दार लावलं. तेव्हा रस्त्यात उभी राहून मी तिच्या उद्धटपणावर चिडले होते. आज चीड येते ती माझ्या त्या वाक्याची, कारण ते खोटं नव्हतं.