सरोजाच्या हाताने शिवलेल्या कादंबऱ्या

गेल्या रविवारी तंजावरला आमच्या मराठी समाजाच्या हॉलमध्ये एक छोटा कार्यक्रम झाला. माझ्या बायकोच्या, सरोजाच्या नावाने पुस्तकांचं एक कपाट ठेवायचं होतं. ती जाऊन वर्ष झालं...

मी चारचौघांत बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी बोललो, आणि घरचे काहीजण अजून नाराज आहेत. म्हणून सगळं इथे लिहितो.

कपाटाची कल्पना माझ्या पुतण्याची, प्रतापची. तो कॉलेजात शिकवतो. त्याने मला विचारलं होतं, "काका, काकूच्या आवडत्या कादंबऱ्या कुठल्या?" मी सांगितल्या, तर हसला. "त्या नकोत हो काका... लोकांसमोर ठेवता येतील अशा सांगा."

नोकरीत काही वर्षं पुण्याला होतो, म्हणून मला देवनागरी लिहिता-वाचता येते. सरोजाला येत नव्हती. आमच्या घरी बोलणं मराठीत आणि वाचणं तमिळमध्ये... इथल्या बऱ्याच घरांत असंच आहे.

ती वाचायची साप्ताहिकांत क्रमशः येणाऱ्या तमिळ कादंबऱ्या. अंक शेजारपाजारी फिरून परत आला की त्यातली कादंबरीची पानं काढून ठेवायची. शेवटचा भाग आला की सगळी पानं दाभणाने शिवायची आणि वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चिकटवायची. पानांच्या मागे साबणाच्या जाहिराती, अर्धवट विनोद, रसमची कृती... जे असेल ते त्यातच शिवलं जायचं.

शेवटी शेवटी तिची नजर गेली, तेव्हा मी तिला वाचून दाखवायला लागलो. त्याआधी जन्मभर मी ऑफिसच्या फायलींशिवाय काही वाचलं नव्हतं. मध्येच विनोदाचं पान आलं की मी उलटून पुढे जायचो. ती लगेच म्हणायची, "अहो, तेही वाचा. मी सगळं वाचत होते."

तर आता मलाही मतं आहेत. माझी आवडती लेखिका एकच, आणि तिचं नाव मी इथे देत नाही. तुम्ही ते ऐकलेलं नसणार, आणि मग तुम्हीही हसाल.

ही बाई दोन पानं चंद्रावर घालवत नाही. तिच्या गोष्टीत माणसांना भूक लागते, डोशाचं पीठ आंबट होतं, नणंद दारामागे उभी राहून ऐकते. सरोजाची परीक्षा सोपी होती... वाचताना गॅसवरचं दूध एकदा तरी उतू गेलं पाहिजे. आमच्या घरी पुष्कळ दूध उतू गेलं. माझ्या लेखी ही थोर लेखिका आहे, आणि त्यासाठी मला कोणाची परवानगी नको.

सरोजाची सगळ्यात आवडती कादंबरी याच लेखिकेची, कमला नावाच्या बाईची गोष्ट. कमला नवऱ्याबरोबर कुंभकोणमला निघालेली असते. पापनाशमला गाडी थांबते, नवरा झोपलेला असतो, आणि ती पिशवी घेऊन खाली उतरते. सरोजाला हॉस्पिटलमध्ये नेलं त्या दिवशी आम्ही इथवर आलो होतो... कमला प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलेली. पुढचं पान मी उघडलं नाही.

रविवारी हॉलमध्ये गेलो तर कपाटात नवीकोरी, जाड पुस्तकं. सरोजाने त्यातलं एकही हातात घेतलेलं नाही. मी कपाटासाठी पाठवलेली तिची बाइंडिंगं टेबलाखाली पोत्यात होती.

"हे काय, प्रताप?"

"काका, उद्या रद्दीवाला येतोय. त्याला सांगून ठेवलंय. काकूचं नाव आहे कपाटावर, जरा शोभलं पाहिजे ना."

मी पोतं उघडलं. मधल्या खणातली जाड पुस्तकं काढून टेबलावर ठेवली आणि सरोजाची एकेक लावायला लागलो. म्हणालो, "नाव तिचं आहे, तर आवडही तिचीच राहील. नाहीतर पाटी काढ."

मग इंदिरा अक्का पुढे आल्या. प्रतापच्या शाळेत त्या तमिळ शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांनी एक बाइंडिंग उचललं आणि ओरडल्याच, "अय्यो, ही पापनाशमला उतरलेली ना? तिच्या नवऱ्याला मी किती शिव्या घातल्यात!"

"अक्का, तुम्हीसुद्धा?" प्रताप म्हणाला.

"मीसुद्धा म्हणजे? वर्गात थोर साहित्य शिकवायचं आणि स्टाफरूममध्ये हे वाचायचं. अंकासाठी आमच्यात नंबर लागायचे. तुझी हेडमास्तरीण सगळ्यात पुढे!"

मागून कोणीतरी म्हणालं, याच कादंबरीपायी आमच्या आईने सांबार करपवलं होतं. बायका कपाटापाशी जमल्या आणि पुठ्ठे उघडून बघायला लागल्या. मग प्रताप टेबलावरची जाड पुस्तकं उचलून खालच्या खणात लावायला लागला.

इंदिरा अक्का म्हणाल्या, "शेवट काय झालाय ठाऊक आहे ना? ती तिथून..."

"नको, अक्का. सांगू नका. आम्ही अजून तिथवर आलेलो नाही."

'आम्ही' म्हणालो हे माझ्या नंतर लक्षात आलं. अक्कांच्या आधीच आलं असावं, कारण त्यांनी ते बाइंडिंग मिटून माझ्या हातात दिलं. "तुम्ही संपवा आधी. माझा नंबर तुमच्यानंतर."

बाकीची सगळी मधल्या खणात आहेत. ज्यांना हसायचं आहे त्यांनी येऊन हसावं, पण एखादी वाचायला घेऊन जावी.

कमलाला मी घरी आणलं. काल सकाळी कॉफी झाल्यावर सरोजाच्या खुर्चीसमोर बसलो आणि बाकावरून पुढे वाचायला सुरुवात केली... मोठ्याने, जसं वाचायचो तसं.

मध्ये विनोदाचं पान आलं. तेही वाचलं.